परमुलखातली बाई

रुपीनं पहाटे उठून चौदा माणसांचा भात शिजवला. एवढं मोठं पातेलं घरात नव्हतं, ते आदल्या दुपारी शेजारच्या गोदीकडून मागून आणलेलं. उडदाची आमटी केली, सुक्या बोंबलांची चटणी वाटली आणि ती दारात येऊन उभी राहिली. बारीक पाऊस लागला होता. खालच्या अंगाला त्यांची चार खाचरं पाण्यानं भरून पांढरी दिसत होती. नवरा, बुध्या, दोन दिवस खपून चिखलणी करून बसला होता. सासू बायडी उपटलेल्या रोपाच्या जुड्या बांधावर रचत होती.

बेहडपाड्यात भाताची आवणी, रोपांची लावणी, सावडीनं होते. आज सगळा पाडा एकाच्या खाचरात वाकतो, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही, जेवण तेवढं घालायचं. रुपी आणि बुध्या या पावसात नऊ घरांच्या खाचरांत राबून आले होते. आज पाळी त्यांची होती.

दिवस बराच वर आला. वाटेनं कोणी उतरेना.

"येतील," बायडी म्हणाली. "पाऊस हाय. उशीर होतो."

मग वरच्या वाटेनं माणसं दिसली. पाठीवर इरली घेतलेल्या बाया पुढं, मागं बैल हाकत दोघं. रुपीनं हात वर केला. वळणावर आल्यावर ती माणसं डावीकडं वळली, ढवळूच्या खाचराकडं. ढवळूची पाळी परवाची होती. गोदी सगळ्यांच्या मागं होती. तिनं एकदा इकडं बघितलं आणि इरलं डोक्यावर पुढं ओढून घेतलं.

बुध्या चिखलानं भरलेल्या पायांनी तसाच वर चढून गेला. परत आला तो सावकाश, खाली बघत.

"काय म्हणं?" रुपीनं विचारलं.

"लहान्याकाका म्हणला, पुस्तकवालीला ओट्यावर बसवता, तं तिलाच बोलवा आवणीला."

लहान्या पाड्याचा कारभारी. सावडीच्या पाळ्या त्याच्याच ओट्यावर ठरत. त्यानं नाही म्हटलं की पाड्यात दुसरं कोणी हो म्हणत नसे.

पातेल्यातला भात त्या दिवशी घरच्यांनी खाल्ला, दुसऱ्या दिवशीही खाल्ला. तिसऱ्या दिवशी आंबला तेव्हा बायडीनं पाणी घालून त्याची पेज केली. पातेलं घासून रुपी गोदीच्या दारात ठेवून आली. आत चूल पेटलेली होती, पण तिच्या हाकेला कोणी ओ दिली नाही.

पुस्तकवाली म्हणजे सुनिता. ती विक्रमगडकडची, यांच्यासारखीच डोंगरातली, बोली जराशी निराळी. पण तिचं घर आजोबापासून ख्रिस्ती. जव्हारला खोली घेऊन राहायची. दोन वर्षांमागं मोखाड्याच्या बाजारात रुपीच्या पोरीला, सपनाला, झटका आला होता. सात वर्षांची पोर कांद्यांच्या ढिगाशेजारी ताठ होऊन पडली, तोंडाला फेस आला. माणसं गोळा झाली. कोणी म्हणालं चप्पल हुंगवा, कोणी म्हणालं दातांत चमचा घाला. सुनिता गर्दीतून आत आली, पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली ओढणी घातली आणि झटका उतरेपर्यंत तिथंच चिखलात बसून राहिली. पुढच्याच आठवड्यात दोघींना तिनं नाशिकच्या डॉक्टरकडं नेलं. तेव्हापासून दर महिन्याला ती गोळ्या घेऊन पाड्यावर यायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. झटके थांबले. सपना शाळेत जायला लागली, पाढे म्हणायला लागली.

देवाधर्माचं सुनिता बोलत नसे. यंदा वैशाखात मात्र ती म्हणाली, "रुपीताई, एक काम होतं. येशूच्या गोष्टी आम्ही आपल्या बोलीत करतोय, मोबाइलवर ऐकायला. ज्यानं कधी ऐकल्या नाहीत त्याला वाचून दाखवायच्या, आणि त्यानं आपल्या तोंडानं परत सांगायच्या. बोली नीट बसली का, एवढंच बघायचं. तुझे देव तुझ्यापाशी राहू देत."

रुपीला नाही म्हणवलं नाही. ओट्यावर दोघी बसल्या. बायडी बाजूला नागली पाखडत होती.

सुनितानं वाचलं. एक बाई होती, परमुलखातली. तिच्या पोरीला भूत लागलं होतं. येशू तिच्या मुलखात आला तशी ती त्याच्या मागं ओरडत निघाली, माझ्या पोरीला बरं कर. तो काही बोलला नाही. त्याचे चेले म्हणाले, हिला घालवून दे. तो म्हणाला, मी माझ्या लोकांसाठी आलोय. बाई पाया पडली. तेव्हा तो म्हणाला, लेकरांची भाकर काढून कुत्र्यांना घालणं बरं नाही.

बायडीचा हात सुपातच थांबला. "कोणाला म्हणला?"

"त्या बाईला."

"तुमचा देव ना तो?"

"हो."

बायडी पुन्हा पाखडू लागली.

बाई म्हणाली, खरंय, पण लेकरांच्या ताटाखाली सांडतं ते कुत्रीही खातात. येशू म्हणाला, बाई, तुझा विश्वास मोठा. आणि पोर त्याच घटकेला बरी झाली.

"आता तू सांग," सुनिता म्हणाली.

रुपीनं सांगितली. सांगताना ती मध्येच थांबली. "पोरीजवळ कोण होतं?"

"कधी?"

"बाई येशूच्या मागं फिरत होती तव्हा. आजारी पोर घरात, तिच्याजवळ कोण बसलं होतं?"

"गोष्टीत नाही ते."

"नसंल. पण कोणतरी असणारच. एकटी कशी टाकील?"

सुनितानं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "आमचे मोठे लोक म्हणतात, कुत्रं हा शब्द नको. कुत्र्याचं पिल्लू म्हणावं. घरातलं, लाडाचं. चालंल कं?"

"त्यानं काय होतं? बाईला लागायचं ते लागलंच."

"तो असं का बोलला असंल मग?"

रुपीनं विचार केला. "त्याच्यासंगं त्याची माणसं होती. त्यांच्यादेखत लगेच दिलं असतं तं ती कुरकुरली असती, परक्याला देतो म्हणून. आधी बोलून दाखवलं, मंग दिलं. मोठी माणसं असंच करतात."

"आणि विश्वास मोठा म्हणाला, ते?"

"ते मला नाय कळलं. पोर आजारी होती. पोर आजारी असली का बाई काय पण म्हणवून घेती."

सुनिता लिहिता लिहिता थांबली. "लहानपणापासून ऐकतेय मी ही गोष्ट, रुपीताई. मला असं कोणी सांगितलं नव्हतं."

त्याच वेळी वाटेनं तुळशीदास चालला होता. पाड्याचाच तो, मोखाड्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान घालून होता. त्यानं ओट्यावरच्या दोघींचा फोटो काढला. रुपीला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आखाडात, तिच्या खाचराची पाळी यायच्या आदल्या संध्याकाळी, तो फोटो लहान्याच्या ओट्यावर हातोहात फिरला.

तिघांनी आवणी सुरू केली. सकाळी अंधुक दिसायला लागलं की वाकायचं ते दुपारी पेज प्यायला उठायचं, पुन्हा वाकायचं. चौदा माणसांनी दीड दिवसात उरकलं असतं. तिघांना एका खाचराला तीन दिवस लागले. बायडीच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या, कातडं पांढरं पडून सुटायला लागलं. ती रात्री त्यांत चुलीतली राख भरायची आणि सकाळी पुन्हा चिखलात उतरायची. रुपीला संध्याकाळी उठून सरळ उभं राहता येत नसे. बांधाला धरून ती थोडी थोडी वर व्हायची. सपना इरल्याखाली बसून जुड्या पुढं सरकवायची.

रुपी पोशेऱ्याच्या गिरणीत दळायला गेली तर तिचा डबा कोणीतरी मागं सरकवला. ती पुढं ठेवायची, तो पुन्हा मागं जायचा. शेवटी नागली न दळताच ती परतली, कारण दिवस खाचरात हवा होता. बसलेला चिखल पुन्हा फिरवायला बुध्या बैल मागत तीन दारी गेला. एकानं बैल लंगडतो म्हणून सांगितलं. तो बैल त्याच दुपारी समोरच्या खाचरात चालत होता.

दुसरं खाचर अर्धं झालं तेव्हा बायडीनं एक रोप उपटून बोटांत फिरवलं. "गाठीवर यायला लागलं. आता आठ दिवसांत नाय लागलं तं जनावरापुढं टाकावं लागंल."

"मी जातो लहान्याकडं," बुध्या म्हणाला. पण तो जागचा हलला नाही. एकदा जाऊन आला होता. जाताना पाठीमागं पोरं हसली होती, ते त्यानं घरात सांगितलं नव्हतं. सपनानं सांगितलं होतं.

"तू नको," रुपी म्हणाली. "मी जाते."

लहान्याच्या ओट्यावर ढवळू, तुळशीदास आणि आणखी चार-पाच जण बसले होते. रुपी अंगणात उभी राहिली. इरल्यावरून पाणी निथळत होतं. वर ये असं कोणी म्हणालं नाही.

"काका, रोप गाठीवर आलंय."

लहान्या तंबाखू मळत राहिला.

"एक दिवस द्या, काका. आम्ही नऊ घरांत राबलो."

"बाहेरच्या बाईचं घेतलंस तव्हा पाडा नाय आठवला?"

"पोरीसाठी घेतलं."

"पोरी सगळ्यांनाच हायेत." लहान्यानं तंबाखू ओठात ठेवली. तो बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता. "माझी बहीण दिलीय त्या गावाला हेच झालं. एका आईच्या पोटचे दोघं भाऊ. एक तिकडं गेला. आई मेली तं तिरडीला कोणी हात लावायचा यावरून काठ्या निघाल्या. मढं दुपारपर्यंत पावसात पडून होतं. मी बघितलंय ते. माझ्या पाड्यात मी ते होऊ देणार नाय."

"आम्ही कुठं गेलो, काका? आमचे देव घरात हायेत."

"आज औषध, उद्या पुस्तक. जिकडं तुकडा मिळंल तिकडं शेपूट हलवायची, असं जगणारी जात नाय आपली."

ओट्यावर कोणीतरी हसलं. ढवळूनं मान खाली घातली. रुपीला मात्र राग आला नाही. ती लहान्याच्या तोंडाकडं बघत होती. भोवती एवढी माणसं बसलीत, तिला वाटलं. यांच्यादेखत याला बोलावंच लागणार. बोलून झालं की देईल.

"हलवली शेपूट," ती म्हणाली. "चुकलं माझं. पण मी तुमच्याच दारातली ना, काका? हाकललं तरी इथंच बसणार. दुसरं दार कुठं हाय मला?"

ती चिखलात गुडघ्यांवर बसली आणि ओट्याच्या कडेवर तिनं कपाळ टेकलं. शेणानं सारवलेली कड ओली होती.

"ऊठ," लहान्या म्हणाला. या वेळी आवाज मऊ होता. ती उठली.

लहान्यानं तुळशीदासकडं बघितलं. तुळशीदासनं प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला.

"सही कर," तो म्हणाला. "उद्या सगळे येतील."

"काय लिहिलंय?"

तुळशीदासनं वाचलं. सुनिता ही बाई औषधाचं आमिष दाखवून आम्हाला धर्म बदलायला सांगत होती. आमचे देव टाकून दे म्हणाली. नाही टाकले तर औषध बंद करीन म्हणाली.

"ती असं बोलली नाय."

"औषध देत होती कं नाय?"

"देत होती."

"पुस्तक वाचलं कं नाय?"

"वाचलं. पण..."

"मंग झालं."

"असं बोलली नाय ती," रुपी लहान्याकडं बघून पुन्हा म्हणाली. लहान्या अंगणाकडं बघत होता. उत्तर तुळशीदासनंच दिलं. "नुसत्या औषधावर कागद उभा राहत नाय. तेवढं लिहावं लागतं."

रुपी चौथी शिकलेली. तिनं हात लुगड्याला पुसले, तरी कागदावर चिखलाचं बोट उठलंच. नाव लिहायला तिला वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत माणसं आली. लहान्या स्वतः बैल घेऊन उतरला. चौदांच्या जागी सतरा झाली. बाया ओळीनं वाकल्या, पाठीमागं हिरव्या रेघा उमटत गेल्या. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या कोंबडीचं बोलणं चाललं होतं. जणू मध्ये काही झालंच नव्हतं. पातेलं गोदी आपणहून घेऊन आली.

"बरं केलंस, बय," ती रुपीच्या शेजारी वाकत म्हणाली. "आमचा जीव काय थाऱ्यावर होता कं? पण काय करणार."

रुपीनं जुडी सोडली आणि रोप चिखलात खोचत राहिली. दुपारी तिनं सगळ्यांना वाढलं. लहान्यानं भात दोनदा मागून घेतला.

दिवस मावळायच्या आत चारही खाचरं लागली.

सुनिता त्या महिन्यात आली नाही. गोळ्या संपल्या. रुपीनं डब्यातला कापसाचा बोळा काढून पुन्हा एकदा आत बघितलं. पाचव्या दिवशी सपनाला शाळेत झटका आला. सहाव्या दिवशी दोन आले. दुसरा उतरल्यावर पोरीला आजीचं नाव आठवेना. मोखाड्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नीट तपासलं आणि विचारलं, कोणती गोळी, किती ताकदीची? रुपीला सांगता येईना. गोळी पांढरी होती. डॉक्टर म्हणाले, अंदाजानं ही औषधं देणं बरं नाही, नाशिकची फाइल आणा. फाइल सुनिताकडं होती.

रुपी जीपनं जव्हारला गेली. बुध्याला तिनं भाताला खत बघायला जाते म्हणून सांगितलं. तो काय ते समजला आणि दुसरीकडं बघत राहिला.

सुनिताच्या खोलीला कुलूप होतं. शेजारची बाई दारात लसूण सोलत होती.

"गेली ती. दोनदा चौकीवर बोलावलं. कोणीतरी कागद दिला होता तिच्यावर. मग तिच्याच लोकांनी खोली सोडायला लावली. कुठं गेली ते नाही सांगितलं." बाईनं तिच्याकडं नीट बघितलं. "तुम्ही कोण?"

रुपीला परत फिरावंसं वाटलं. जीप अजून कोपऱ्यावरच उभी होती.

"पोशेऱ्याकडची," ती म्हणाली.

"रुपी का?"

"हो."

बाई आत गेली आणि एक कापडी पिशवी घेऊन आली. "म्हणाली होती, येईल. आली की दे."

रुपीनं ती पिशवी स्टँडच्या मागं, भिंतीकडं तोंड करून उघडली. फाइल होती. एका महिन्याच्या गोळ्या होत्या. एक चिठ्ठी होती, रुपीला वाचता यावी म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलेली. सकाळी एक, संध्याकाळी एक. एकही चुकवू नको. संपायच्या आत सपनाला नाशिकला नेऊन दाखव, डॉक्टर तिला बघितल्याशिवाय पुढच्या लिहून देत नाहीत. पत्ता फाइलवर आहे.

रुपीनं चिठ्ठी उलटी करून बघितली. मागं काही नव्हतं. तिला शिवी हवी होती, एखादा शब्द तरी हवा होता. ती भिंतीला टेकून बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मग जीपवाला ओरडायला लागला तशी उठली.

घरी बुध्यानं फाइल हातात घेऊन बघितली. तिच्यावरचं इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं.

"नाशिकला तीच न्यायची," तो म्हणाला. "आपल्याला तो दवाखाना कुठं सापडायचा?"

"पत्ता हाय."

"आणि पाड्यात कळलं का, परत तिच्याच डॉक्टरकडं गेलो म्हणून? आता नागली लावायचीय, सगळी सावडीवर. मंग निंदणी. मंग कापणी." त्यानं फाइल खाली ठेवली. "कापणी झाली का बघू."

"कापणी दिवाळीला."

"मंग दिवाळीला बघू."

रुपी त्याच्याशी भांडली नाही. दुसऱ्या दिवशी लहान्याच्या नागलीच्या माळावर सावड होती आणि त्यांच्या घरातून दोन माणसं जायची होती. सकाळी सपनाला न्याहारी देऊन तिनं एक गोळी तळहातावर घेतली, विळ्याच्या पात्यावर टेकवून दाबली. गोळीचे दोन तुकडे झाले. एक तिनं पोरीच्या जिभेवर ठेवला, दुसरा कागदात गुंडाळून डब्यात टाकला.

पोरीनं पाणी प्यायलं आणि मग विचारलं, "आये, अर्धीच?"

बायडी चुलीपाशी पायांना राख लावत होती. तिनं मान वर केली. "दिवाळीपर्यंत पुरतील कं?"

"पुरवायच्या," रुपी म्हणाली. तिनं इरलं पाठीवर घेतलं आणि माळाची वाट धरली.